राणीच्या बागेत झाडं कोण दाखवणार?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलं. फळ्यापेक्षा शाळेच्या आवारातल्या झाडांवर त्यांची भिस्त जास्त होती, हे समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. म्हणून आजच्या विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, लोकांना झाडं दाखवत फिरवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या कामाविषयी माझं एक म्हणणं आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकते. वनस्पतिउद्यानाला जशी माळ्याची गरज असते तशीच झाडं दाखवणाऱ्या माणसाचीही असते. तो माणूस बागेने पगार देऊन नेमला पाहिजे, आणि त्याने लोकांशी त्यांच्या भाषेत बोललं पाहिजे.

आधी बागेबद्दल थोडं. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ही बाग पाहिली ती प्राण्यांसाठी. हत्ती, वाघ, माकडं, आणि अलीकडच्या मुलांसाठी पेंग्विन. पण प्राणी इथे नंतर आले. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. तिच्या जागी माझगावच्या हद्दीत ही नवी बाग आखली गेली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. त्याच दिवशी, त्याच आवारात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली. ते संग्रहालय म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. प्राण्यांसाठी जागा वाढवून घेतली ती १८९० मध्ये. म्हणजे पहिली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लोक इथे येत होते ते झाडांसाठीच.

या बागेच्या आणि संग्रहालयाच्या उभारणीत जे लोक होते त्यांच्याकडे पाहा. जॉर्ज बर्डवूड हे डॉक्टर. जवळच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिज उत्पादनांची त्यांनी केलेली सूची १८६२ मध्येच छापली गेली. भाऊ दाजी हेही डॉक्टर, त्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. कुष्ठरोगावर कडूकवठाच्या तेलाचा उपयोग करून पाहणारा हा माणूस. वनस्पती हा या लोकांच्या रोजच्या कामाचा भाग होता. बाग उभी राहिली ती अशा, शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांच्या हातून. तिथे नुसती हिरवळ आणि बाकडी असावीत असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आज तिथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि त्यांच्या पावणेतीनशेच्या वर जाती आहेत. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ब्रह्मदेश आणि आपला सह्याद्री, अशा सगळ्या मुलखांतली झाडं इथे शेजारी शेजारी उभी आहेत. आणि रविवारी या झाडांखालून हजारो माणसं जातात. घामेजलेली, खांद्यावर मुलं घेतलेली, डब्याची पिशवी सांभाळणारी. गोवंडीहून, कल्याणहून, विरारहून आलेली. त्यांना वाघ कुठे आहे ते पाटीवर बाणाने दाखवलेलं असतं. झाडाच्या खोडावर पत्र्याची छोटी पाटी असते, तिच्यावर लॅटिन नाव असतं, असलं तर मराठी नाव असतं, आणि बस्स. पाटी वाचून झाड दिसायला लागलं असं मी अजून पाहिलेलं नाही.

झाड दिसायला लागतं ते कसं, ते सांगते.

आमची फेरी सकाळी लवकर सुरू होते. पंधरा-वीस माणसं. याहून जास्त झाली की मागच्या माणसाला ऐकू येत नाही आणि फुलापर्यंत त्याची मानही पोहोचत नाही. दोन तासांत दहा-बारा झाडं, त्याहून अधिक नाही. दाखवणाऱ्याने स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. तोडायचं काही नाही. जमिनीवर पडलेलंच उचलायचं, आणि ते इतकं असतं की तोडायची वेळच येत नाही. जवळ एक भिंग असावं, दहापट मोठं दाखवणारं. ते हातोहात फिरतं आणि ज्याच्या हातात जातं तो माणूस पुढची दोन मिनिटं कोणाचंच ऐकत नाही, हे गृहीत धरून बोलायचं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी सुरुवात करते ती सीता अशोकापासून. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेलं खांबासारखं उंच झाड हाच अशोक असं मानणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांना मी लगेच काही सांगत नाही. खाली पडलेला फुलांचा एक गुच्छ उचलून हातात देते आणि विचारते, यात किती रंग आहेत? पिवळा, केशरी, लाल. मग सगळ्यात जुनं फूल कोणतं असेल? इथे लोक एकमेकांशी बोलू लागतात. कोणीतरी म्हणतं, लाल फुलं कोमेजत आलीत, ती जुनी. बरोबर. फूल उमलतं तेव्हा पिवळसर-केशरी असतं आणि वय वाढेल तसं लाल होत जातं. म्हणजे एका गुच्छात काल, परवा आणि आज असे तिन्ही दिवस एकत्र दिसतात. मग मी विचारते, पाकळ्या किती? सगळे मोजून सांगतात, चार. तेव्हा भिंग पुढे करायचं. या फुलाला पाकळ्याच नाहीत. रंगीत दिसतात ते निदल आहेत, एरवी फुलाखाली हिरवे असतात तेच. त्यांच्याखाली रंगीत छदकांची, म्हणजे फुलाच्या देठावरच्या इवल्या पानांची जोडी, ती निदलासारखी दिसून आपल्याला फसवते. आणि मधून बाहेर पडलेले लांब केसर. शाळेत निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी चार वर्तुळं आपण पाठ केलेली असतात. चाळिशीतला एखादा बँकेतला गृहस्थ भिंगातून बघत असतो आणि त्या चार शब्दांना पहिल्यांदा जागा मिळते. कुंपणाचा तो उंच अशोक वेगळाच, हे आता सांगितलं तर कळतं. आधी सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती.

नाव शेवटी सांगायचं, हा माझा पहिला नियम. एकदा एका शाळेने पाचवीचा वर्ग आणला होता. बरोबरच्या बाईंनी मुलांना आधीच वहीत रकाने आखायला लावले होते: क्रमांक, झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. मुलांनी दोन तासांत मान वर केली नाही. सगळ्यांच्या वह्या भरल्या, अक्षर सुंदर. बाईंचा हेतू चांगला होता आणि मुलंही गुणी होती. पण झाडाकडे बघायला एकालाही सवड झाली नाही. तेव्हापासून शाळेची फेरी असली की वह्या मी बसमध्येच ठेवायला सांगते. बाईंनी फार आग्रह धरला तर परतल्यावर वर्गात लिहा म्हणते. जे आठवेल तेवढंच लिहायचं.

आता उर्वशी. अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. हिच्यासाठी लोक मुद्दाम येतात, आणि यावं अशीच ती आहे. १८२७ साली कलकत्त्याच्या बागेचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच ब्रह्मदेशात गेले असताना मार्तबानजवळ एका मठाच्या पडक्या बागेत त्यांना हे झाड दिसलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. गव्हर्नर जनरलच्या पत्नी आणि मुलगी, दोघींनाही वनस्पतींची आवड, म्हणून अ‍ॅम्हर्स्ट हे त्यांचं नाव झाडाला दिलं गेलं. हिवाळ्यात फुलांच्या लांब माळा खाली लोंबतात. लाल फूल, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. बी फार क्वचित धरतं, त्यामुळे नवं झाड तयार करणं हे कसबाचं काम.

पण माझ्या लक्षात राहिलं आहे ते उर्वशीचं फूल नाही, पान. आणि तेही मला एका माळीदादांमुळे दिसलं. मूळचे रत्नागिरीकडचे, निवृत्तीला आलेले. आम्ही झाडाखाली उभे होतो आणि ते पाण्याची नळी ओढत शेजारून जात होते. थांबले. फांदीच्या टोकाला तांबूस, मरगळलेल्या पानांचा झुबका लोंबत होता, तो त्यांनी हाताने अलगद वर उचलला आणि सोडून दिला. म्हणाले, "ताई, हे बघा. नवीन पोरं येतात ना कामाला, त्यांना वाटतं झाड सुकलं. पाणी घालत बसतात, घालत बसतात. आता याला पाणी नको. हे पान असंच जन्मतं. आठ-पंधरा दिवस गेले की आपणच हिरवं होतं, ताठ होतं." मग गटाकडे वळून म्हणाले, "यंदा कळी उशिरा आली. पाऊस लांबला म्हणून." आणि नळी घेऊन पुढे गेले. गटातल्या कोणालाही नंतर वॉलिच आठवला नाही. झुबका सगळ्यांना आठवला. त्या दिवसापासून उर्वशीपाशी आलं की मी आसपास कोणी माळीदादा दिसतात का ते बघते.

कैलासपतीपाशी गर्दी आपोआप होते. सरळ खोडातून फुटलेली फुलं आणि तोफगोळ्याएवढी फळं बघून लहान मुलं थांबतातच. बायका पडलेलं फूल उचलून कपाळाला लावतात, कारण आत शिवलिंग आहे आणि वर नागाचा फणा. ती श्रद्धा बाजूला सारावी असं मला कधी वाटलं नाही. उलट तिथूनच पुढे जाता येतं. हा फणा कशासाठी, असं मी विचारते. फुलात मध नाही. किड्याने यावं तर कशासाठी? उत्तर फण्यात आहे. फण्यातल्या केसरांचे परागकण खाण्यापुरते असतात, त्यांतून बी होत नाही. ते खायला भुंगा आत शिरतो, आणि खालच्या चकतीवरचे बीजक्षम परागकण त्याच्या पाठीला लागतात. पाहुण्याला जेवण एका ताटातून आणि निरोप दुसऱ्या हाताने! हे कळल्यावर त्या फुलाविषयीचा भक्तिभाव कमी झालेला मी एकाही चेहऱ्यावर पाहिला नाही. वाढलेला मात्र पाहिला आहे.

उंबराचं फूल कोणाला दिसत नाही असं आपण सहज म्हणून जातो. पडलेलं उंबर नखाने उकलून दाखवलं की आत शेकडो फुलं असतात आणि बऱ्याचदा त्यातून बारीक चिलटासारखी वरटी बाहेर येते. मादी वरटी उंबराच्या तोंडाच्या इवल्या छिद्रातून आत शिरते तेव्हा तिचे पंख तिथेच तुटतात. नराला तर पंख नसतातच. तो आतच जन्मतो आणि आतच मरतो. वड, पिंपळ, उंबर, साधारण प्रत्येकाची वरटी वेगळी. इथे बहुतेक वेळा कोणीतरी विचारतं की लहानपणापासून खाल्लेल्या उंबरांचं काय! त्यावर मी काही बोलत नाही. लोक आपसांत हसतात आणि पुढच्या झाडाकडे जातात.

गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती शतकांपूर्वी समुद्रमार्गे पोहोचली. तिच्या बुंध्याचा घेरच इतका असतो की मुलं हाताला हात धरून साखळी करू लागतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात झाड पार निष्पर्ण, पावसाच्या तोंडावर पाच-सात बोटांची पानं आणि मोठी पांढरी लोंबती फुलं. पण ही फुलं संध्याकाळी उमलतात, वटवाघळांसाठी, आणि बाग संध्याकाळी बंद होते. सकाळी आम्हाला मिळतं ते जमिनीवर पडलेलं, तपकिरी पडत चाललेलं फूल. मोसमात दोन-तीन संध्याकाळी मोजक्या लोकांसाठी बाग उशिरापर्यंत उघडी ठेवता येईल. फार अवघड मागणी नाही ही.

आणखी एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. फेरी एकदा करून उपयोग नाही. कैलासपती वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा पानं झाडतो आणि काही दिवसांत पुन्हा भरतो. एप्रिल-मेमध्ये ताम्हण जांभळं होतं. आपल्या राज्याचं ते फूल, आणि कित्येकांनी ते झाडावर पाहिलेलं नसतं. बकुळ पहाटे सडा घालते. पर्जन्यवृक्षाची पानं आभाळ दाटून आलं की मिटतात. जो माणूस जानेवारीत आला आणि पुन्हा जुलैत आला त्यालाच कळतं की आपण पाहिलं ते झाडाचं एक पान होतं, पुस्तक अजून उघडायचंय. असे परत येणारे लोक हळूहळू बागेचे राखणदार होतात. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. मुंबईने हे होताना पाहिलं आहे.

२००७ मध्ये महापालिकेने या बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याची योजना मांडली. कोट्यवधींचा आराखडा होता. प्राण्यांसाठी चांगल्या जागा हव्यात याला कोणाचाच विरोध नव्हता, माझाही नाही. जुन्या पिंजऱ्यांतली ती जनावरं पाहवत नसत. पण दीडशे वर्षांच्या झाडांच्या मुळांशी काँक्रीट किती येणार, याचा हिशोब आराखड्यात कुठे दिसत नव्हता. तेव्हा काही नागरिक उभे राहिले, त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी काय केलं? सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, वारसा समितीपुढे बाजू मांडली. आणि त्याबरोबर लोकांना बागेत आणून झाडं दाखवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांतून या झाडांची नावं येऊ लागली. मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. त्याला मुरड घालावी लागली. मला यातलं शिकण्यासारखं वाटतं ते असं: "हिरवळ वाचवा" म्हटलं तर अधिकारी म्हणतात, आम्ही दुप्पट झाडं लावू. "ही उर्वशी, ही गोरखचिंच, हा अमुक ठिकाणचा कैलासपती" असं म्हटलं की दुप्पट लावण्याचं उत्तर देता येत नाही. पण असं म्हणायला झाड आधी कोणीतरी दाखवलेलं असावं लागतं.

आज हे काम चालतं ते स्वयंसेवकांवर. मीही त्यांतलीच. आमच्यापैकी प्रत्येकजण प्रेमाने करतो आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. तरीही मला स्पष्ट बोललं पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फेऱ्या इंग्रजीत होतात. त्यांची खबर ज्यांना लागते ते दक्षिण मुंबईतले, शिकलेले, बहुधा आधीच झाडांची आवड असलेले लोक. फेरी आठला संपते आणि साडेनऊला दारात रांग लागते. ज्या माणसाला हे सगळं दाखवायला हवं तो आत येतो तेव्हा आम्ही घरी जाऊन चहा पीत असतो. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात प्रशिक्षित स्वयंसेवक शनिवारी सकाळी येईल त्याला विनामूल्य फिरवतात, आणि उद्यानाची यंत्रणा त्यांच्या पाठीशी असते. बाग १८५९ची, म्हणजे आपल्या बागेच्याच वयाची. २०१५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या बागेला त्या यादीत जागा मिळो न मिळो, त्या शनिवारच्या सकाळी मात्र मला हव्या आहेत. मराठीत आणि हिंदीत हव्या आहेत.

म्हणून महापालिकेकडे माझं मागणं असं आहे. २०१७ मध्ये मोठ्या माणसाचं तिकीट पन्नास रुपये झालं. त्या तिकिटातच झाडांची फेरी असावी. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ठरावीक वेळांना, पेंग्विनच्या रांगेतूनच हाक घालून लोकांना गोळा करणारी. तासाची पुरे, पाच-सहा झाडं पुरेत. वाट प्राण्यांच्या वाटेवरूनच काढावी, लोकांना वाघापासून दूर नेऊ नये. फिरवणारी माणसं पगारी असावीत. त्यांत वनस्पतिशास्त्र शिकलेली तरुण मुलं-मुली असाव्यात, आणि त्यांच्या जोडीला बागेतले जुने माळी असावेत. माळीदादांना आठवड्यातून एक दिवस नळी-खुरप्यातून मोकळं करावं, त्या दिवसाचा वेगळा भत्ता द्यावा, छातीवर बिल्ला द्यावा. कोणत्या झाडाला यंदा कळी उशिरा आली हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, आणि ते निवृत्त झाले की हे ठाऊक असणंही त्यांच्याबरोबर गावाला जातं. निदान ते बोलतात तेवढं कोणीतरी लिहून, आवाजात नोंदवून ठेवावं. हे यंदाच सुरू व्हायला हवं.

आणि या सभागृहात बऱ्याच शाळांचे मुख्याध्यापक बसलेले मला दिसतात, त्यांना एक विनंती. महापालिका हालेल तेव्हा हालेल. तुमच्या पाचवी-सहावीच्या वर्गाची सहल यंदा भायखळ्याला काढा. बुधवारी बाग बंद असते, तेवढा वार टाळा. वर्ग मोठा असेल तर वीस-वीसचे गट करा आणि गट वेगवेगळ्या झाडांपासून सुरू करा. गटामागे एक भिंग पुरतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर अशोक नक्की फुललेला असेल. आधी कळवलंत तर आमच्यापैकी कोणीतरी तिकीटखिडकीपाशी उभं असेल. वह्या आणू नका.